रोखीने आजारी पडण्याची रीत

आरोग्य विमा हा भित्र्या माणसांचा उद्योग आहे, हे मत जयगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोणत्याही नाक्यावर फुकट ऐकायला मिळते, आणि ते मांडणारी माणसे सहसा कधी रुग्णालयात राहिलेली नसल्यामुळे त्यांच्या अधिकाराविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आपण रोखीचे लोक. हप्ता भरून वर्षभर आजारी न पडणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, असा आपला हिशोब आहे, आणि भरलेला पैसा वसूल होण्यासाठी आजारी पडावे इतके आपण अजून लाचार झालेलो नाही. हा बाणा शेवटपर्यंत टिकवू इच्छिणाऱ्या वाचकांनी मात्र काही पथ्ये पाळली पाहिजेत.

सर्वांत महत्त्वाचे पथ्य वेळेचे आहे. कोकणात पैसा बारमाही वाहत नाही, त्यामुळे आजारानेही आपला हंगाम ओळखून यावे. आंबा बागायतदाराने छातीत आलेली कळ मे महिन्याच्या अखेरीपर्यंत, म्हणजे वाशीच्या दलालाकडून शेवटची पट्टी हाती पडेपर्यंत, धीराने थोपवून धरावी. नौकामालकाने अपेंडिक्ससाठी मासेमारी चालू असतानाचे दिवस निवडावेत. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात सवड भरपूर असली, तरी ती बिनपैशाची सवड असते. गणपतीत आजारी पडणे शिष्टसंमत नाही, परंतु मुंबईचे सगळे भाऊ खिशासह एकाच छपराखाली जमण्याचा वर्षातला तो एकमेव योग असल्यामुळे हर्नियासारखे पुढे ढकलता येण्याजोगे काम विसर्जन आणि परतीची गाडी यांच्यामधल्या दिवसांत उरकून घेणे व्यवहाराला धरून होईल.

आजाराने हे वेळापत्रक मानले नाही, तर घाट चढून कोल्हापूर गाठावे लागते, किंवा सिंधुदुर्गातला माणूस असाल तर बांबोळीचा रस्ता धरावा लागतो. बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात २०१८ पासून परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा आपल्या रोखीच्या बाण्याला गोव्यानेही हातभार लावला असे म्हणावे लागेल. खासगी रुग्णालय निवडलेत, तर काउंटरवरचा प्रसंग डोळ्यांसमोर आणून ठेवावा. रात्रीचे दोन वाजलेले असतात. स्ट्रेचर आत गेलेले असते, आणि काचेच्या छोट्या खिडकीतून एक मुलगी मान वर न करता विचारते, "मेडिक्लेम आहे का?" तुम्ही ताठ मानेने "नाही" म्हणता. ती डिपॉझिटचा आकडा सांगते. मग चुलतभावाने गाडीतून आणलेली कापडी पिशवी उघडली जाते, तिच्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली आणि रबर लावलेली पुडकी बाहेर येतात, आणि ती मुलगी नोटा यंत्रात घालते. यंत्र मध्येच थांबते, कारण पतपेढीतून आलेल्या कोऱ्या नोटा आणि मासळीच्या धंद्यातल्या ओल्या नोटा त्याला एका वेळी चालत नाहीत. ओल्या नोटा मग हाताने मोजल्या जातात. या काळात आतल्या माणसाला काय होत असेल याचा विचार करू नये, मोजणी चुकते.

येथे एक कायदेशीर अडचण सांगणे भाग आहे. १ एप्रिल २०१७ पासून आयकर कायद्याने एका व्यक्तीकडून एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एकाच प्रसंगाशी संबंधित व्यवहारांत दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास मनाई केली आहे, आणि नियम मोडल्यास स्वीकारलेल्या रकमेइतका दंड घेणाऱ्याला बसतो. म्हणजे आज दीड लाख आणि उद्या दीड लाख ही आपली नेहमीची युक्ती कायदा करणाऱ्याने आधीच ओळखलेली आहे. परिणामी ज्या बायपासच्या जोरावर नाक्यावर मिशीला पीळ भरायचा, नेमके त्याच बायपासचे पूर्ण बिल रोखीने भरता येत नाही. आपला बाणा हा ताप, जुलाब आणि हाताचे प्लास्टर एवढ्यापुरताच कायदेशीर आहे.

आता पैसा आणायचा कोठून? सोने हा सर्वांत जलद मार्ग आहे, आणि घरातील स्त्रीच्या पाटल्या गहाण टाकताना तिचे मत विचारण्याची पद्धत आपल्याकडे नसल्यामुळे वेळही वाचतो. जमीन विकून उपचार करायचे असतील तर मात्र तयारी आजाराच्या निदान दहा वर्षे आधी सुरू करावी. सातबाऱ्यावर पणजोबांच्या वारसांची नावे खाली खाली उतरत गेलेली असतात. त्यांतले चौघे विरारला, दोघे डोंबिवलीला, एक दुबईला आणि एक आत्या कोणाशीही न बोलणारी असते. या सर्वांच्या सह्या झाल्याशिवाय आंब्याची सामाईक कलमे विकता येत नाहीत, आणि अडलेल्या रक्तवाहिनीला वाटपाचा दावा म्हणजे काय ते समजावून सांगता येत नाही. म्हणून शेवटी वाशीलाच फोन जातो. दलाल अडीअडचणीला धावून येणारा माणूस आहे. तो पुढल्या हंगामाच्या आंब्यावर उचल देतो, फक्त माल त्याच्याच गाळ्यावर उतरवावा लागतो आणि भाव तो सांगेल तो घ्यावा लागतो. विमा कंपनीला वर्षाकाठी काही हजारांचा हप्ता देणे ही लूट, आणि न आलेल्या मोहोरावर कर्ज काढणे हा व्यवहार, हा भेद बाहेरच्या माणसाला कळणार नाही.

रोख देणाऱ्याला बिलात सूट मिळते, असा एक मुद्दा हमखास येतो, आणि तो पूर्णपणे खोटा नाही. मेडिक्लेम असल्याचे कळताच खोलीचा मजला आणि तपासण्यांची यादी वाढते, ही तक्रार विमा काढलेलेही करतात. मात्र सूट कोणत्या दरावर मिळाली हे विचारू नये. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचे नियम २०२१ मध्ये सुधारले, आणि रुग्णहक्कांची सनद व दरांची माहिती दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. तो फलक मनी प्लांटच्या कुंडीमागे असला तर कुंडी सरकवणे असभ्यपणाचे दिसते. शिवाय सूट हवी असेल तर पक्के बिल मागू नये, आणि पक्के बिल नसेल तर पुढे कोणाकडेही मदत मागता येत नाही. स्वाभिमान असा दोन्ही बाजूंनी सुरक्षित राहतो.

विम्याची बाजू घेणाऱ्यांना गप्प करण्यासाठी शेजारच्या मास्तरांचे उदाहरण वापरावे. प्रत्येक वाडीत असे एक मास्तर असतात. तीन लाखांची पॉलिसी, खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार. मास्तरांनी सहा हजारांची खोली घेतली, आणि कंपनीने केवळ खोलीचे नव्हे तर डॉक्टरांच्या आणि शस्त्रक्रियेच्या आकारातलेही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मे, पैसे कापले. वर हातमोजे आणि मास्क यांचे पैसे वेगळे. हे सारे पॉलिसीच्या कागदावर लिहिलेले होते, परंतु मास्तरांनी ते वाचले नव्हते, ही बाब उदाहरण देताना गाळावी. उरलेले अर्धे तरी त्यांना मिळाले, हीसुद्धा गाळावी. पूर्वी "अठरा टक्के जीएसटी सरकारच्या घशात कशाला?" हा प्रश्न विचारला की चर्चा संपत असे. वैयक्तिक पॉलिसीवरचा तो कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द करून सरकारने आपली एक चांगली सबब हिरावून घेतली आहे.

सरकारी योजनांपासून तर चार हात दूरच राहावे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता पिवळ्या आणि केशरीच नव्हे, पांढऱ्या शिधापत्रिकेवरच्या कुटुंबालाही वर्षाला पाच लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार संलग्न रुग्णालयात मिळतात. पण ती गरिबांची योजना, आणि आपण तर पाटल्या गहाण टाकणारे लोक. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न घालता मोफत उपचारांचे आयुष्मान कार्ड मिळते, त्यासाठी आधार कार्ड पुरते. पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास फुकट म्हणून आपले आजोबा तेच आधार कार्ड सदऱ्याच्या खिशात घालून आठवड्यातून दोनदा तालुक्याला जातात; त्यांना दुसऱ्या कार्डाचे सुचवून पाहा. "माका काय धाड भरली हा?" असे ते विचारतील. हे उत्तर अंतिम समजावे आणि पुढच्या प्रवासाचे तिकीटही फुकट काढावे.

इतके सगळे पाळूनही घरातल्या कोणाच्या तरी आग्रहामुळे मन डळमळलेच, तर पॉलिसी घ्यावी. मात्र ती अँजिओप्लास्टी झाल्यावर, मनगटावरची पट्टी निघायच्या आत घ्यावी. कंपनीने देऊ केलीच, तर एजंट सांगेल की आधीपासून असलेल्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावे लागेल, आणि मोतीबिंदू, हर्निया, गुडघा यांनाही बहुधा दोन वर्षे. तेव्हा कोणीतरी जाणता माणूस कानात सांगेल की अर्जात स्टेंटचा उल्लेखच करू नका. हा सल्ला अवश्य ऐकावा. सलग पाच वर्षे पॉलिसी चालल्याखेरीज माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा फेटाळण्याचा कंपनीचा हक्क संपत नाही, आणि तुमचा दावा बहुधा दुसऱ्याच वर्षी येईल. तो नामंजूर झाल्याचे पत्र जपून ठेवावे आणि नाक्यावर नेऊन सर्वांना वाचून दाखवावे. अर्जाची प्रत कोणी मागणार नाही.