अनुदान हे अर्धंच उत्तर : चीनमधल्या विदेशी गाड्यांवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

चीनमधल्या विदेशी कार कंपन्यांच्या पीछेहाटीवरचा लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि खडसावून लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. चिनी ब्रँडनी विदेशी गाड्यांना मागे टाकलं आणि त्यात त्या कंपन्याच कमी पडल्या, असं मी त्यात म्हटलं होतं. तुमचे आक्षेप तीन आहेत. हायब्रिड आणि निर्यात एकाच टोपलीत टाकून मी आकडे फुगवले. विदेशी कंपन्या कमी पडल्या नाहीत, सरकारने अनुदानाचा पैसा ओतून त्यांना हरवलं. आणि टेस्ला तिथे आजही धडाक्यात खपते, मग विदेशी ब्रँड मागे पडले म्हणायचं कशाच्या जोरावर? जाता जाता तुम्ही असंही विचारलंत की या सगळ्याचं आपल्याला इथे काय.

पहिला आक्षेप मान्य. चीनमध्ये ‘नवऊर्जा वाहन’ म्हणून जी मोजणी होते तीत प्लग-इन हायब्रिडही, म्हणजे बाहेरून चार्ज होणारी बॅटरी आणि पेट्रोल इंजिन दोन्ही असलेल्या गाड्याही, येतात. २०२४ मध्ये अशी सुमारे १.२९ कोटी वाहनं विकली गेली. त्यातली जवळपास ७७ लाख निव्वळ बॅटरीवरची आणि ५१ लाख प्लग-इन होती. मी सगळ्यांना सरसकट ‘इलेक्ट्रिक’ म्हटलं, ते चुकलं. प्रवासी वाहनांत चिनी ब्रँडचा वाटा २०२० मधल्या ३८ टक्क्यांवरून २०२४ मध्ये ६५ टक्क्यांवर गेला, हा आकडा चीनमधल्या वाहन उत्पादकांच्या संघटनेचा आहे आणि त्यात निर्यात धरलेली आहे. फक्त देशातली किरकोळ विक्री घेतली तर वाटा काही टक्क्यांनी उतरतो, पण साठीच्या आसपासच राहतो. म्हणजे उंची थोडी कमी झाली, चढ तोच आहे.

आता अनुदान. इथे तुमचं बरंचसं बरोबर आहे आणि ते मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. खासगी ग्राहकांना केंद्राचं अनुदान २०१० पासून २०२२ अखेरपर्यंत मिळत होतं. २०१५ ते २०१९ या काळात सरकारमान्य बॅटरी उत्पादकांची यादी होती. एलजीचा नानजिंगचा आणि सॅमसंगचा शीआनचा, हे दोन्ही कारखाने चीनमध्येच असूनही यादीबाहेर राहिले. त्यांची बॅटरी लावली तर गाडीचं अनुदान धोक्यात, मग कोण लावणार? सीएटीएल आणि बीवायडी या चिनी बॅटरी उत्पादकांना (बीवायडी गाड्याही बनवते) मोकळं रान मिळालं ते त्या चार वर्षांत. हा सरळसरळ पक्षपात होता.

शांघायच्या ग्राहकाचा हिशेब मांडला तर तुमचा मुद्दा आणखी भक्कम होतो. समजा, पेट्रोल गाडीची किंमत १ लाख २० हजार युआन आहे (एका युआनचे साधारण १२ रुपये धरा). त्यातला १३ टक्के मूल्यवर्धित कर वजा करून उरलेल्या रकमेवर १० टक्के खरेदीकर लागतो, म्हणजे सुमारे १० हजार ६०० युआन. त्यावर नंबरप्लेट. ती लिलावात घ्यावी लागते आणि साधारण ९० हजार युआनला जाते. सव्वा लाखाची गाडी दारात येईपर्यंत सव्वादोन लाखांच्या घरात पोचते. त्याच किमतीच्या बॅटरी गाडीला २०२५ पर्यंत खरेदीकर माफ होता आणि नवऊर्जा वाहनांची हिरवी नंबरप्लेट फुकट. अशा शहरात पेट्रोल गाडी विकणं कठीणच.

तरीही ‘अनुदानाने हरवलं’ हे पूर्ण उत्तर मला पटत नाही. प्लेटवर असा निर्बंध शांघाय, बीजिंग, ग्वांगझू, शेनझेन, तियानजिन, हांगझू अशा मोजक्याच ठिकाणी आहे. बाकीच्या शेकडो शहरांत प्लेट सहज मिळते आणि तिथेही विदेशी गाड्या मागे पडल्या. शांघायने १ जानेवारी २०२३ पासून प्लग-इन हायब्रिडची फुकट प्लेट बंद केली, त्याच सुमारास केंद्राचं थेट अनुदानही संपलं. त्यानंतरच्या दोन वर्षांत चिनी ब्रँडचा वाटा ५० वरून ६५ टक्क्यांवर गेला. शिवाय चीनमध्ये बनलेल्या टेस्ला आणि फोक्सवॅगनच्या बॅटरी गाड्यांनाही तेच खरेदी-अनुदान लागू होतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही पडझड पेट्रोल गाड्यांपासून सुरू झाली. प्यूजो-सित्रोएनच्या दोंगफेंग या चिनी कंपनीबरोबरच्या भागीदारीने २०१४ मध्ये सात लाखांवर गाड्या विकल्या होत्या. २०२० मध्ये तो आकडा ५० हजारांवर आला. ह्युंदाईने २०१६ मध्ये ११ लाखांचा टप्पा ओलांडला होता. २०१७ मध्ये दक्षिण कोरियातल्या अमेरिकी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेवरून वाद पेटला, विक्री कोसळली, आणि वाद निवल्यावरही ती परत आली नाही. सुझुकीने २०१८ मध्ये छांगान या चिनी कंपनीबरोबरच्या भागीदारीतला आपला ५० टक्के हिस्सा छांगानलाच देऊन टाकला. यांच्यापैकी कुणालाही बॅटरीने मारलं नाही. त्यांच्या जागी लोकांनी ग्रेट वॉलची हावल एच ६, छांगानची सीएस ७५, गीलीची बोयू अशा लाखभर युआनच्या एसयूव्ही घेतल्या. आकाराने मोठ्या, स्क्रीन मोठी, सनरूफ आलेलं, आणि टाकीत तेच पेट्रोल. या गाड्यांना नवऊर्जेचं अनुदान कुठून मिळणार?

किमतीच्या शिडीची खालची पायरी अशी गेली. मधली पायरी होती कुटुंबाची सेडान, म्हणजे निसान सिल्फी आणि फोक्सवॅगन लाविडा यांचं राखीव कुरण. तिथे २०२१ च्या मार्चमध्ये बीवायडीची छिन प्लस डीएम-आय ही प्लग-इन हायब्रिड १ लाख ५ हजार ८०० युआनपासून आली. तिची रचना नीट पाहण्यासारखी आहे. १.५ लिटरचं इंजिन, औष्णिक कार्यक्षमता ४३ टक्के, म्हणजे इंधनातली तेवढी ऊर्जा कामी येते. शहरातल्या वेगाला चाकं मोटर फिरवते आणि इंजिन लागेल तेव्हा जनरेटरचं काम करतं. वेग वाढला की क्लच लागतो आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. पाच-सहा गतींचा गिअरबॉक्स मुळात नाहीच, त्यामुळे त्याचा खर्च वाचतो आणि मोटर-बॅटरीच्या खर्चाचा काही भाग तिथेच वळता होतो. बॅटरी लोह-फॉस्फेटची, निकेल-कोबाल्टशिवायची. याच रसायनाच्या, निव्वळ बॅटरी गाड्यांतल्या ब्लेड बॅटरीचा एकेक सेल साधारण ९६ सेंटिमीटर लांब, ९ सेंटिमीटर रुंद आणि दीड सेंटिमीटरहूनही कमी जाडीचा असतो, लांबलचक पट्टीच म्हणा ना. या पट्ट्या मधल्या मॉड्यूलच्या पेट्या न घालता थेट पॅकमध्ये रचतात. तेवढ्याच जागेत जास्त बॅटरी बसते आणि सुटे भाग कमी होतात. २०२४ च्या फेब्रुवारीत छिन प्लसची किंमत ७९ हजार ८०० युआनपर्यंत खाली आली. त्या किमतीला सिल्फीकडे उत्तरच नव्हतं.

विदेशी कंपन्यांनी वेळेत उत्तर का दिलं नाही, हा खरा प्रश्न. १९९४ च्या धोरणाने विदेशी हिस्सा ५० टक्क्यांवर अडवला होता. प्रवासी गाड्यांसाठी ती अट १ जानेवारी २०२२ ला पूर्ण उठली. तोवर गाडीचा आराखडा वोल्फ्सबुर्ग किंवा डेट्रॉइटमध्ये ठरायचा आणि चीनमध्ये जुळणी व्हायची. नफा भरपूर होता, त्यामुळे घाई कुणालाच नव्हती. फोक्सवॅगनच्या वाट्याला चिनी भागीदाऱ्यांतून २०१५ मध्ये सुमारे ५.२ अब्ज युरोचा कार्यकारी नफा आला. २०२४ मध्ये तो १.७ अब्जांवर उतरला.

जुन्या रचनेत काच, दिवे, सीट, ब्रेक यांचे डझनावारी छोटे संगणक वेगवेगळ्या पुरवठादारांचे, आणि प्रत्येकाचा कोड त्याच्याच ताब्यात. एक सोय बदलायची तर दोन-तीन पुरवठादारांकडे मागणी नोंदवा, दर ठरवा, नवा कोड येऊ द्या, सगळं पुन्हा तपासा. शाओपेंग (एक्सपेंग) या इलेक्ट्रिक गाड्या बनवणाऱ्या चिनी कंपनीसारख्या ठिकाणी मोजके मोठे संगणक आणि कोड घरचा. बदल इंटरनेटवरून थेट गाडीत उतरतो. चिनी ग्राहक व्हॉइस कमांड आणि पार्किंगच्या सोयी पाहून गाडी निवडू लागला तेव्हा हा फरक महागात पडला.

शोरूमची दुखणी वेगळी. विदेशी ब्रँडचा वितरक गाडी ठरलेल्या दराने उचलतो आणि महिन्याचं लक्ष्य गाठलं की कंपनीकडून परतावा घेतो. किमतीची लढाई भडकली तेव्हा वितरक खरेदीदराखाली विकू लागले, तोटा परताव्यातून भरून निघेल या आशेवर. लक्ष्य हुकलं की परतावाही गेला आणि बँकेचं व्याज मात्र चालूच. मग पाटी उतरवून तिथेच चिनी ब्रँडची पाटी चढते. सर्व्हिसची जागा कमी झाली की ग्राहक आणखी बिचकतो. अनुदान उद्या शून्य केलं तरी हे चक्र थांबत नाही.

टेस्लाचं थोडक्यात सांगतो. २०१८ मध्ये बॅटरी गाड्यांसाठी हिस्सामर्यादा उठली आणि टेस्लाने शांघायमध्ये शंभर टक्के मालकीचा कारखाना उभारला. जानेवारी २०१९ मध्ये कुदळ मारली, वर्ष संपता संपता गाड्या बाहेर पडल्या. भागीदार नाही, वितरक नाही, सांभाळायला पेट्रोलचा धंदा नाही. कोड स्वतःचा, लोह-फॉस्फेट बॅटरी सीएटीएलची. टेस्लाचं यश ‘विदेशी ब्रँड’ म्हणून नव्हतंच. वर सांगितलेल्या एकाही अडचणीत ती सापडली नाही म्हणून होतं. उलट पोर्शे पाहा. मालकी पूर्ण परदेशी, ब्रँड वरच्या पायरीवरचा, तरी चीनमधली विक्री २०२१ मधल्या ९५ हजारांवरून २०२४ मध्ये ५७ हजारांखाली आली.

हे निदान बरोबर असेल तर इलाजही तसाच दिसायला हवा, आणि तो दिसतोय. फोक्सवॅगनने जुलै २०२३ मध्ये शाओपेंगमध्ये सुमारे ७० कोटी डॉलर घातले आणि तिच्याबरोबर नवी इलेक्ट्रॉनिक रचना आखायला घेतली, जीत नियंत्रक संगणक सुमारे ३० टक्क्यांनी कमी लागतात. टोयोटाची बीझेड ३ एक्स आणि निसानची एन ७ या २०२५ मध्ये आलेल्या गाड्या चीनमध्येच विकसित झाल्या, चालकाला साहाय्य करणारं सॉफ्टवेअर मोमेंटा या चिनी कंपनीचं, आणि किंमत अनुक्रमे १ लाख ९ हजार ८०० आणि १ लाख १९ हजार ९०० युआनपासून. नुसत्या अनुदानाने हरलेली कंपनी सरकारदरबारी दाद मागत बसली असती. या कंपन्या शिकवणी लावून बसल्या आहेत, आणि मला ते योग्यच वाटतं.

राहिला आपला संबंध. एमजी विंडसर ही वुलिंगच्या चिनी गाडीवर बेतलेली आहे. टाटांच्या जॅग्वार लँड रोव्हरने २०२४ मध्ये चेरी या चिनी कंपनीबरोबरच्या भागीदारीतून चेरीच्या सांगाड्यावर ‘फ्रीलँडर’ नाव परत आणायचं ठरवलं. आणि पुण्याजवळचं तळेगाव आहेच. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना घ्यायचा करार जानेवारी २०२० मध्ये ग्रेट वॉलने केला होता, म्हणजे हावल एच ६ बनवणाऱ्या त्याच कंपनीने. एप्रिलमध्ये शेजारी देशांच्या गुंतवणुकीवर केंद्राच्या परवानगीची अट आली आणि २०२२ मध्ये तो करार बारगळला. कारखाना अखेर ह्युंदाईने घेतला आणि २०२५ मध्ये तिथून गाड्या निघू लागल्या. बीजिंगमधला आपला पहिला कारखाना ह्युंदाईने त्याआधीच, २०२१ मध्ये, ली ऑटो या चिनी कंपनीला विकला होता.