वर्गणी न भरलेले प्रेक्षक

पुण्यात कायद्याचा सल्ला फुकट मिळतो. मागावाही लागत नाही. आपण नुसतं जिन्यात थांबून मोबाइलकडे चिंताक्रांत चेहऱ्याने बघायचं. वरून उतरणारा आणि खालून चढणारा असे दोघं मिळून खटला चालवून, निकाल लावून मोकळे होतात.

माझा चेहरा चिंताक्रांत झाला तो गणपतीत. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत यंदा सांस्कृतिक कार्यक्रमात पोरांनी व्हिडिओ गेमच्या धुना वाजवल्या. हार्मोनियम, तबला, बासरी आणि ढोलपथकात जाणाऱ्या एका दादाचा ताशा. आधी मारिओ, मग वरून विटा पडतात त्या टेट्रिसची धून. ताशावर टेट्रिस तुम्ही ऐकलं नसेल. एकेक वीट पडल्यासारखं नाही, सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेल्यासारखं वाटतं. पण टाळ्या भरपूर पडल्या. तळमजल्यावरच्या आजींनी तर मारिओला "गोड आहे हो, कुठल्या नाटकातलं पद?" अशी दाद दिली.

सेक्रेटरींनी हुकूम सोडला आणि मी तो व्हिडिओ सोसायटीच्या नावाने इंटरनेटवर चढवला. दुसऱ्या दिवशी सूचना आली, की तुमच्या व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीचं संगीत आढळलं आहे. दावा लावणाऱ्या कंपनीचं नाव आमच्यापैकी कुणाला वाचतासुद्धा येईना. सेक्रेटरींनी सूचनेची प्रिंट काढून ती नोटीस बोर्डावर, गुरुवारी पाणी येणार नाही याच्या शेजारी, चिकटवली आणि खाली लाल पेनने लिहिलं, 'संबंधितांनी खुलासा करावा.' संबंधित म्हणजे मी.

मग जिना बोलू लागला. कुणी म्हणालं, तीस सेकंदांपर्यंत काहीही वाजवलं तरी चालतं. कुणी म्हणालं, खाली 'सर्व हक्क मूळ मालकाचे' असं लिहून टाक, विषय संपला. (दुसऱ्याची स्कूटर घेऊन जाताना मागे 'ही स्कूटर माझी नाही' असं लिहिलं की झालं, असंच ना?) खजिनदारांचं म्हणणं, आपण एक रुपयाही कमावलेला नाही, त्यामुळे गुन्हाच नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांचा मुद्दा सगळ्यात भक्कम होता. "आम्ही मारिओची कॅसेट तपकीर गल्लीतून रोख पैसे मोजून घेतली होती. आमचा हक्क आहे!" ती कॅसेट मलाही आठवते. वर '९९९९ इन १' असं लिहिलेलं, आत खरे खेळ दहा-बारा, बाकीचे त्यांचेच नाव बदललेले जुळे भाऊ. त्या कॅसेटच्या जोरावर कोर्टात उभं राहायचं म्हणजे चोरीच्या सायकलवरून चौकीत तक्रार द्यायला जाणं.

यातला एकही मुद्दा कायद्यात बसत नाही. तीस सेकंदांचं कलम कुठल्याच पानावर नाही. खेळ विकत घेतला म्हणजे खेळायचा हक्क घेतला, त्यातलं संगीत वाटायचा नाही. "जपानची कंपनी कोथरूडला कशाला येतेय?" असं चेअरमन म्हणाले, पण कॉपीराइटच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात जपानही आहे आणि आपणही आहोत, त्यामुळे तिकडच्या धुनेला इकडेही संरक्षण मिळतं. तेही किती काळ? संगीतकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं. मारिओचं १९८५ चं संगीत करणारे कोजी कोंडो हयात आहेत. त्यांना उदंड आयुष्य लाभो, पण ती धून मोकळी होईल तेव्हा आमच्या ताशावाल्या दादाच्या नातवाला गुडघेदुखी सुरू झालेली असेल.

हे सगळं मला समजावलं दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलकाकांनी. काकांनी जन्मभर घरमालक-भाडेकरूंचे खटले चालवले, त्यामुळे ते धुनेकडेही वाड्यातल्या खोलीसारखं बघतात. "आधी सांग, धून ताब्यात कुणाच्या आहे?" मग म्हणाले, "एका धुनेत दोन मालक असतात. चाल एकाची आणि तिचं ध्वनिमुद्रण दुसऱ्याचं." पोरांनी स्वतः वाजवलं म्हणजे ध्वनिमुद्रणवाल्याशी आपला संबंध संपला, चालवाला मात्र उरतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं, ब्राउन पेपरचं कव्हर घातलेलं पुस्तक त्यांनी काढलं आणि कलम ६३ मोठ्याने वाचलं. सहा महिने ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. कमिटीत एकदम शांतता पसरली. मग आत कोण जाणार यावर चर्चा झाली आणि उपविधींत तशी तरतूद नसल्याने विषय पुढच्या सभेवर ढकलण्यात आला.

"घाबरू नका," काका म्हणाले, "कलम ५२ आहे." हौशी मंडळाने पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांसमोर संगीत सादर केलं तर तो कॉपीराइटचा भंग नाही. यावर खजिनदार खुर्चीतून उठलेच. पैसे न देणारे प्रेक्षक! त्यांच्याकडे बी विंगमधल्या वर्गणी न भरलेल्यांची यादी तयारच होती. समोरच्या दोन रांगा तर संपूर्णपणे कायद्याच्या चौकटीत बसल्या होत्या. ज्यांना वर्षानुवर्षं फुकटे म्हणून ओळखलं, ते आमचा कायदेशीर बचाव निघाले.

आनंद टिकला नाही. काकांनी पान उलटलं. मांडवात वाजवणं वेगळं आणि इंटरनेटवरून जगाला ऐकवणं वेगळं, त्याचा हक्क स्वतंत्र. त्यासाठी परवानगी लागते. पाच वर्षांहून जुन्या गाण्याची स्वतःची आवृत्ती ध्वनिमुद्रित करायचीही सोय कायद्यात आहे, पण आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची आणि तीही वर्षाला किमान ५० हजार प्रतींची. आमचा व्हिडिओ तोवर फार तर कलाकारांच्या मावश्यांनी पाहिला होता.

यात चेअरमनांच्या नातवाने भर घातली. त्याच्याकडे सगळ्या जुन्या खेळांच्या मूळ संगीताचा भला मोठा फोल्डर आहे आणि त्याची लिंक त्याने सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, 'रेफरन्ससाठी'. हे मात्र सरळसरळ बेकायदा, इथे वर्गणीची यादीही कामाची नाही. पण मला त्या पोराचा राग येईना. त्यातल्या कित्येक खेळांचं संगीत कुठे विकतच मिळत नाही. २०२२ मध्ये मारिओवाल्या निन्टेन्डो कंपनीच्या संगीताचा खजिना जपणाऱ्या एका चाहत्याच्या चॅनलवरचे तेराशेहून जास्त व्हिडिओ अडवले गेले आणि शेवटी त्याने चॅनलच बंद केलं. कंपनीने स्वतःचं संगीताचं ॲप काढलं ते २०२४ च्या ऑक्टोबरात. मधल्या काळात तिकडे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने मारिओची धून राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदवली, २०२३ मध्ये. ठेवा म्हणायचं आणि दुकानात मागितला की 'संपलं' म्हणायचं! ही पद्धत पुण्याबाहेरही आहे हे कळून थोडं बरं वाटलं, एवढंच.

आणि मजा बघा, ज्यांचा दबदबा एवढा, त्यांच्या मारिओवर आम्हाला कुणी हटकलंच नाही. दावा लागला होता टेट्रिसवर. म्हणून मी तिची कुळकथा काढली. टेट्रिस हा खेळ मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये केला, पण जिच्यावर आपण सगळे माना डोलावतो ती धून १९८९ च्या, हातात धरून खेळायच्या गेमबॉयवरची, आणि ती मुळात रशियन लोकगीत! 'कोरोबेइनिकी', म्हणजे फेरीवाले. शब्द नेक्रासोव्ह या कवीच्या १८६१ च्या कवितेतले. फेरीवाल्याच्या पेटीत छिटाचं कापड आणि जरीचं कापड ठासून भरलंय आणि कात्या नावाची मुलगी, जास्त पैसे जाऊ नयेत म्हणून, जपून घासाघीस करतेय. म्हणजे विटा रचताना आपण इतकी वर्षं चक्क तुळशीबागेतला संवाद ऐकत होतो. गेमबॉयसाठी केलेली मांडणी निन्टेन्डोची खरी, पण मूळ चाल कुणाच्याच बापाची नाही, आणि आमच्या ताशाची मांडणी तर आमच्याखेरीज कुणी आपली म्हणणारही नाही.

काकांनी हरकतीचा मसुदा केला. 'सदरहू चाल वहिवाटीची असून' अशी सुरुवात होती. ते सगळं गाळून मी साध्या भाषेत पाठवला. समोरच्याला उत्तराला तीस दिवसांची मुदत होती. उत्तर आलंच नाही आणि दावा आपोआप गळून पडला. सेक्रेटरींनी प्रिंट खाली उतरवली. पिना परत केल्या का, असं विचारलं.

मारिओचा भाग मात्र काकांच्या सांगण्यावरून मी कापून टाकला. पोरं हिरमुसली. तेव्हा काकांनी कलम ५२ मधलंच शेवटाकडचं एक पोटकलम दाखवलं. धार्मिक समारंभात संगीत वाजवायला परवानगी लागत नाही, आणि त्यात लग्नाची वरात स्पष्टपणे धरलेली आहे. काकांच्या मुलीचं लग्न डिसेंबरात आहे. नवरा मुलगा आयटीतला, त्याला कल्पना पसंत पडली. वरातीचं रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकायचं नाही, असं काकांनी स्टॅम्पपेपरवर घेतलंय.

बँडवाल्यांकडे मी आणि काका मिळून गेलो. मारिओ म्हणजे काय, हे कसं समजावायचं याची वाटेत तयारी केली होती. मी पहिल्या सुरावर तोंड उघडतोय तोच मास्तरांनी क्लॅरिनेट उचलून अख्खी चाल वाजवून दाखवली.

"येतं की, साहेब," ते म्हणाले. "काँट्रा पण येतं. त्याचे वेगळे पैसे पडतील."