खुलासा: कोल्हापुरात आरओ बसवायला ‘सी-५५’ परवाना लागत नाही

राजारामपुरीतल्या आमच्या ग्रुपवर काल मीच एक मेसेज पुढे पाठवला होता: ‘घरात वॉटर फिल्टर बसवणाऱ्याकडे सी-५५ परवाना हवा, नाहीतर नळ तोडणार.’ तो चुकीचा आहे, मनापासून माफ करा. शेजारच्या काकूंनी तो वाचून दारात आलेल्या फिटरला परत पाठवलं. खोका अजून ओट्याखाली तसाच पडलाय आणि त्या पाणी उकळून पितायत.

मग मी शोध घेतला. सी-५५ हा अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याचा, पाणी शुद्ध करायची यंत्रं बसवणाऱ्या ठेकेदारांसाठीचा परवाना. तिथल्या परवाना मंडळाच्या यादीत तो याच नावानं आहे. त्यासाठी चार वर्षांचा अनुभव लागतो. कुणीतरी तेवढंच उचलून खाली ‘कोल्हापूर’ लिहिलं.

आपल्याकडे परवानाधारक प्लंबरची तरतूद १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात आहे. मीटर किंवा मुख्य नळजोडणीला हात लावायचा असेल तर असाच प्लंबर बोलवा. आरओ घेताना मात्र मशीनवर आयएसआय चिन्ह आणि ‘आयएस १६२४०’ हा क्रमांक बघा. तो मशीनचा दर्जा सांगतो, फिटरचा परवाना नव्हे.

जुना मेसेज कृपया कुणालाही पाठवू नका. पाठवला असेल तर तिथं हा खुलासा टाका.