राउटरवाल्यांच्या ‘भाऊबंदकी’चा मेसेज

दारव्हा तालुक्यातल्या आम्हा सेवा केंद्रवाल्यांच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतो आहे. “ओपन-सोर्स राउटरवाल्यांची भाऊबंदकी लागली आहे. जितकी नावं तितकी पॅकेजं, तेच काम दहा वेळा. फुटले ते संपले. कंपनीचंच फर्मवेअर ठेवा.” तो वाचून दोघांनी राउटरमधलं फर्मवेअर, म्हणजे कंपनीनं आत भरून दिलेलं सॉफ्टवेअर, काढून ओपनडब्ल्यूआरटी हे खुलं फर्मवेअर टाकायचा बेत सोडला, म्हणून हे लिहितो.

“तेच काम दहा वेळा” हे खरं नाही. मेसेजातल्या ‘नावां’पैकी गारगॉइल, लिब्रेमेश आणि जर्मनीत लोकांचं सामायिक वायफाय चालवणाऱ्या फ्रायफुंकवाल्यांचं ग्लुऑन, ही तिन्ही फर्मवेअरं ओपनडब्ल्यूआरटीवरच उभी आहेत. तिथं पॅकेज, म्हणजे राउटरवर टाकायचा एकेक प्रोग्रॅम, मुळात एका मेकफाइलवर, म्हणजे सूचनांच्या फाइलवर चालतं: मूळ कोड कुठून आणायचा, तो अस्सल आहे हे पडताळायचा हॅश काय, तो बांधायचा कसा. ती एकदा लिहिली की वेगवेगळ्या प्रोसेसरसाठी पॅकेज त्याच मेकफाइलवरून बांधलं जातं. धुरे वेगळे, पाणी एकाच विहिरीचं. डीडी-डब्ल्यूआरटी आणि फ्रेशटोमॅटो या दुसऱ्या फर्मवेअरांचं शेत मात्र खरंच निराळं आहे.

“फुटले ते संपले” हे तर घडलेल्याच्या उलट आहे. 2016 च्या मे महिन्यात ओपनडब्ल्यूआरटीचे काही मुख्य डेव्हलपर बाहेर पडले, त्यांनी लीड नावाचा प्रकल्प काढला. जानेवारी 2018 मध्ये दोघं परत एक झाले. नाव जुनं राहिलं, पण कोड आणि कामाची शिस्त लीडची आली. त्याआधी डेव्ह टाट आणि त्यांच्या साथीदारांनी सेरोडब्ल्यूआरटी वेगळं काढलं होतं, लाइन तुंबण्यावर प्रयोग करायला. त्या खटपटीतून आलेलं ‘केक’, म्हणजे गर्दीतही लाइन सगळ्यांना वाटून देणारं तंत्र, 2018 मध्ये लिनक्सच्या गाभ्यात, कर्नल 4.19 मध्ये गेलं. आज माझ्या केंद्रात पोरं व्हिडिओ पाहत असली तरी पीक विम्याचा फॉर्म अपलोड होतो, तो त्याच्याच जोरावर. फाटा फुटला आणि काम मुळाकडं परत आलं, तर नुकसान कोणाचं?

एक तक्रार मात्र मान्य. कर्नल मॉड्यूल, म्हणजे त्या गाभ्याला जोडायचा तुकडा, ज्या बांधणीचं असेल त्याच बांधणीवर चालतं, दुसरीकडून आणून बसत नाही. त्यात पॅकेज बसवायला ओपनडब्ल्यूआरटीच्या 24.10 आवृत्तीपर्यंत ओपीकेजी हे साधन होतं, पुढच्या शाखेत अल्पाइन लिनक्सचं एपीके आलं. दोन-चार माणसांच्या बळावर चालणाऱ्या अशा एखाद्या फर्मवेअरला हा बदल जड जातो. त्यांना टोमणे नकोत, हात हवे आहेत.

“कंपनीचंच ठेवा” याला माझं उत्तर थोडक्यात. माझ्या आधीच्या राउटरचे सुरक्षा-अपडेट कंपनीनं बंद केले. यंत्र धडधाकट होतं, आणि त्यावरून लोकांचे आधार क्रमांक, बँक खाती जात होती.

बेत सोडलेल्या त्या दोघांनी आधी आपल्या राउटरचं मॉडेल बघावं. 4 एमबी फ्लॅश आणि 32 एमबी रॅम असेल तर नाद सोडा, ओपनडब्ल्यूआरटीची 19.07 नंतरची आवृत्ती त्यावर चालणार नाही. 16 आणि 128 असेल तर बाजाराच्या दिवशी घेऊन या. मी दुपारभर केंद्रातच आहे, सोबत बसून टाकू.