मालमत्तेचा मूलभूत हक्क गेला, मोबदला गेला नाही

"44 व्या घटनादुरुस्तीनं मालमत्तेचा हक्कच काढून टाकला. आता सरकार कधीही जमीन घेऊ शकतं, मोबदला देणं त्याच्या मर्जीवर." भूसंपादनाची नोटीस निघाली की हा मजकूर फिरू लागतो. तो वाचून माणसं हरकतच घेत नाहीत आणि खरं नुकसान तिथंच होतं.

"हक्कच काढून टाकला." हे अर्धंच खरं. 1978 च्या या दुरुस्तीनं अनुच्छेद 19 मधला मालमत्तेचा भाग आणि अनुच्छेद 31 वगळला, पण त्याच दुरुस्तीनं 300-अ घातला: कायद्याचा आधार असल्याशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. गेलं ते एवढंच, की हा आता मूलभूत हक्क नसल्यानं अनुच्छेद 32 खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येत नाही. उच्च न्यायालयाचं दार 226 खाली उघडंच आहे. हिमाचल प्रदेशात 1967-68 मध्ये रस्त्यासाठी एका विधवेची जमीन संपादनाविनाच घेतली गेली होती. इतक्या वर्षांच्या ताब्यामुळे ती आमचीच झाली, हा सरकारचा दावा सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये फेटाळला आणि मोबदला द्यायला लावला.

"1978 पर्यंत जमीन सुरक्षित होती." नव्हती. पहिल्या आणि चौथ्या दुरुस्तीनं हा हक्क आधीच आकुंचित केला होता, आणि 1971 च्या 25 व्या दुरुस्तीनं तर अनुच्छेद 31 मधला 'भरपाई' हा शब्दच काढून तिथं 'रक्कम' घातला.

"मोबदला सरकारच्या मर्जीवर." हे साफ चूक, आणि सर्वांत घातकही. कमाल धारणेच्या (कायद्यानं ठरवलेल्या जास्तीत जास्त जमिनीच्या) मर्यादेतल्या, स्वतः कसत असलेल्या जमिनीला बाजारभावापेक्षा कमी मोबदला देता येत नाही, हे अनुच्छेद 31-अ मध्ये आजही लिहिलेलं आहे. 300-अ मध्ये मोबदल्याचा शब्द नसला तरी तो त्यात गृहीत आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 2011 मध्ये के. टी. प्लांटेशन खटल्यात सांगितलं.

2013 च्या भूसंपादन कायद्यात तर हिशोबच दिलेला आहे. समजा ग्रामीण भागातल्या जमिनीचा बाजारभाव 10 लाख ठरला आणि गुणक 2 आहे (तो 1 ते 2 च्या दरम्यान राज्य ठरवतं). झाले 20 लाख. विहीर, झाडं, बांधकाम 2 लाखांचं. एकूण 22 लाख, त्यावर 100 टक्के दिलासा रक्कम, म्हणजे 44 लाख. शिवाय बाजारभावावर वर्षाला 12 टक्के वेगळे. आता संयुक्त मोजणीच्या पंचनाम्यात ती विहीर, झाडं आणि बांधकाम नोंदलंच गेलं नाही, तर 2 नव्हे, 4 लाख जातात. म्हणून मोजणीच्या दिवशी बांधावर हजर राहा, पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका.

"हरकत घेऊन काही होत नाही." प्राथमिक अधिसूचनेनंतर 60 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत घेता येते आणि सुनावणी द्यावीच लागते. राष्ट्रीय महामार्गाचं संपादन वेगळ्या कायद्याखाली होतं. तिथं मुदत फक्त 21 दिवस, आणि मोबदल्याचा वाद लवादाकडे जातो. नोटिशीवर कोणता कायदा लिहिलाय ते आधी बघा.

2013 च्या कायद्याखाली निवाड्याची, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशाची, रक्कम कमी वाटली तरी ती उचलता येते, फक्त पावतीवर 'निषेध नोंदवून स्वीकारली' असं लिहायचं. ते लिहिलं नाही तर वाढीव मोबदल्याचा अर्जच करता येत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असाल, तर त्या अर्जाला तिथून 6 आठवडे मिळतात.