झाकण हरवले तर फडका कोंबा

आपण नुकतीच वीस-बावीस हजारांत एखादी जुनी मारुती ८०० घेतली असेल, तिच्या दारांच्या खालच्या कडा बोट लावताच पापडासारख्या मोडत असतील आणि तरीही ‘सुट्टीच्या दिवशी घरच्या घरी हिला नवी करू’ असा संकल्प आपण केला असेल, तर आपले मनःपूर्वक अभिनंदन. मीही त्याच पंथाचा वारकरी आहे. माझी गाडी १९९७ सालची, एमएच-१५ पासिंगची, कार्बोरेटरच्या (पेट्रोलमध्ये हवा मिसळून ते इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) जमान्यातली असून गेल्या मे महिन्यात तिने मला नाशिक ते घोटी या पस्तीसएक किलोमीटरांच्या रस्त्यावर चार वेळा उभे केले. घोटीला मेव्हण्याचा साखरपुडा होता आणि मुलीच्या बोटात घालायची अंगठी माझ्या खिशात होती. विल्होळी, वाडीवऱ्हे, गोंदे आणि मग थेट घोटीच्या टोलनाक्याअलीकडे, असे क्रमाने मुक्काम करत आम्ही पोहोचलो तेव्हा मंडळींची जेवणे आटोपत आली होती. त्या दिवसानंतर जे जे घडले त्यातून जुन्या गाडीच्या इंधनव्यवस्थेविषयी अधिकारवाणीने बोलण्याची पात्रता माझ्या अंगी आली आहे, आणि ती आपल्या कामी यावी एवढीच इच्छा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुरुस्तीची सुरुवात टाकीपासून कधीही करू नये. पेट्रोल टाकीतून निघते, जाळीतून वर चढते, लोखंडी नळीने पुढे येते, मग रबरी नळी, फिल्टर, पंप आणि शेवटी कार्बोरेटर असा त्याचा प्रवास असतो. त्यामुळे प्रवास जेथून सुरू होतो तेथूनच तपासत यावे असे एखाद्या भाबड्या माणसाला वाटणे शक्य आहे. परंतु टाकी पाहायची तर गाडीखाली आडवे व्हावे लागते, कपडे मळतात आणि गंजलेले बोल्ट डोळ्यांत माती पाडतात. कार्बोरेटर मात्र बॉनेट उघडले की समोरच असतो, उभ्या उभ्या खोलता येतो आणि त्याचे बिलही करता येते. म्हणून दोष नेहमी कार्बोरेटरमध्येच असतो.

आमच्या नेहमीच्या गॅरेजमधल्या उस्तादांना हे शास्त्र पूर्ण अवगत आहे. गाडी शहरात बरी चालते, महामार्गावर पन्नाशी ओलांडली की झटके मारते आणि बंद पडते, दहा मिनिटे उभी राहिली की काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होते, एवढे मी सांगताच त्यांनी माझे वाक्य पुरे होऊ दिले नाही.

“काका, कचरा आलाय कार्बोरेटरमध्ये. किट टाकून देतो.”

किट, म्हणजे कार्बोरेटरच्या आतले झिजणारे सुटे भाग, टाकले. दुसऱ्या आठवड्यात पंप बदलला. तिसऱ्या आठवड्यात ‘हा कार्बोरेटरच गेलाय’ असे निदान होऊन भंगारातून आणलेला दुसरा कार्बोरेटर चढवला, आणि तोही तसाच झटके मारू लागल्यावर कॉइल आणि तिन्ही प्लग बदलण्यात आले, कारण तोपर्यंत बॉनेटखाली बदलण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. किटचे चारशे, पंपाचे साडेसातशे, कार्बोरेटरचे दोन हजार आठशे, प्लगांचे तीनशे, कॉइलचे साडेसहाशे आणि मजुरी बावीसशे, म्हणजे सगळे मिळून सात हजार शंभर रुपये झाले. गाडीसाठी मी मोजलेल्या किमतीचा हा जवळपास तिसरा हिस्सा. या काळात टाकीकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही, हे आपण कौतुकाने लक्षात घ्यावे.

फिल्टरवर पेट्रोलची दिशा दाखवणारा एक बाण असतो. तो शोभेसाठी असतो.

रबरी नळ्यांना भेगा पडल्या असतील तर त्या बदलण्याची घाई करू नये. २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे रबर त्यासाठी बनलेले नव्हते, ते फुगते, मऊ पडते आणि आतून त्याचे काळे कण सुटतात. पण ज्या जिल्ह्यात द्राक्षांची वाइन होते तेथे गाडीनेच कोरडे का राहावे? अगदीच नळी गळू लागली तर बाथरूमच्या नळाला लावायची पारदर्शक नळी आणून बसवावी. पेट्रोलने ती महिन्या-दोन महिन्यांत काडीसारखी कडक होते आणि क्लिपपाशी तडकते, मात्र तोपर्यंत तिच्यातून पेट्रोल वाहताना दिसते, हा आनंद काही कमी नाही. क्लिप नसेल तर बांधकामाची तार आहेच.

टाकी गळत असेल तर गळतीवर कपड्यांचा साबण घासावा. हा उपाय आमच्या वडिलांच्या पिढीचा असून तो खरोखर चालतो, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही आणि गाडी जवळच्या गावापर्यंत पोहोचते. त्या पिढीने तो जवळच्या गावापर्यंत पोहोचण्यासाठीच वापरला. आपण मात्र त्यावर एम-सील थापावे, त्यावर काळा रंग मारावा आणि गाडी विकून टाकावी.

आता उष्णतेचा विषय काढायचा तर ओल्या फडक्याविषयी बोलणे आवश्यक आहे. जुन्या फियाट आणि अँबेसिडर कसारा घाट चढताना दम टाकत तेव्हा चालक एसी पंपावर, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर, पाण्यात भिजवलेला फडका ठेवत असत, आणि त्यामागे कारण होते: इंजिनाच्या तापाने नळीतले पेट्रोल उकळून त्याची वाफ होते, पंप द्रव ओढू शकतो पण वाफ ओढताना त्याची दमछाक होते, आणि गार केल्यावर वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. उस्तादांनी चौथ्या आठवड्यात हेच निदान केले. मे महिना, ऊन, जुनी गाडी, सगळे जुळत होते. जुळत नव्हते ते एवढेच की गाडी सकाळी सहा वाजता, गंगापूर रोडवर, गोदावरीवरून गार वारे येत असतानाही पन्नाशीच्या पुढे गेली की तशीच बंद पडत होती. तरीही मी पुढचे दोन आठवडे पंपावर ओला फडका घालून हिंडलो. सिग्नलला थांबलो की बॉनेटच्या फटीतून वाफ निघे आणि शेजारचा रिक्षावाला आपुलकीने विचारी, “काका, चहा झाला का?”

आता मुख्य सल्ला. टाकीचे झाकण हरवले तर नवे आणू नये, फडका कोंबावा.

याची महती मला कशी कळली ते सांगतो. सहाव्या आठवड्यात मी रजा टाकली, टाकीतले पेट्रोल झाकणाच्या डब्यांत काढून घेतले, बोल्टांवर आदल्या रात्रीपासून तेल मारून ठेवले, आणि त्यांतला एक तुटला तरी शेवटी टाकी उतरवली. ती हलवली तेव्हा आतून खुळखुळ्यासारखा आवाज आला. पालथी करून आपटली तेव्हा वाटीभर गंजाची लालसर पूड, खपल्या आणि चमचा-दोन चमचे गढूळ पाणी बाहेर आले. मग मी आत तार घालून फिरवली आणि तिला काहीतरी लागले. ओढले. आधी थोडे आले, मग आणखी आले. तो एका बनियनचा तुकडा होता. खांद्याची पट्टी शाबूत होती.

तेथेच, पार्किंगमध्ये जमिनीवर बसून, मला गेल्या सहा आठवड्यांचा उलगडा झाला. गाडी हळू चालली की पेट्रोल थोडे लागते, ओढ कमी असते आणि बनियन टाकीत निवांत पोहत राहते. वेग वाढला की ओढ वाढते, बनियन जाऊन जाळीला चिकटते, कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधले, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या वाटीतले, होते नव्हते ते पेट्रोल संपते आणि गाडी झटके मारून थांबते. थांबली की ओढ थांबते, बनियन सुटून खाली पडते, आणि दहा मिनिटांनी गाडी पुन्हा सुरू. म्हणजे मी एक फडका पंपावर घालत होतो तेव्हा दुसरा टाकीत होता.

ज्यांनी मला गाडी विकली त्या गृहस्थांना मी फोन केला. ते अत्यंत सज्जनपणे बोलले. मधल्या काळात झाकण हरवले होते, दोन पावसाळे फडक्यावरच काढले, असे त्यांनी सांगितले.

“मग तो आत कसा गेला?”

“पंपावरच्या पोराने नोझल घातलं तसा गेला. मग आम्ही दुसरा लावला. झाकण विकताना बसवलं ना, नवीन.”

“अहो, पण हे मला सांगायचं तरी.”

“तुम्ही विचारलंच नाही.”

खरे आहे, चूक माझीच. जुनी गाडी घेताना कागदपत्रे, इंजिन नंबर, विमा आणि टायर पाहून झाल्यावर ‘टाकीत कोणाचे अंतर्वस्त्र आहे काय’ हा प्रश्न मी विचारायला हवा होता. त्या नव्या कोऱ्या झाकणाचे तर मला त्या वेळी फार कौतुक वाटले होते. माणूस गाडी जपणारा दिसतो, असे मी घरी येऊन म्हणालोही होतो. दोन पावसाळे! नाशिकचा पावसाळा म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. फडक्यातून झिरपलेले पाणी पेट्रोलपेक्षा जड म्हणून तळाशी जाऊन बसते, त्यात आता पेट्रोलमधला इथेनॉलही उतरतो, आणि ते मिश्रण पत्र्याला आतून खात राहते. जाळीचे तोंडही तेथेच तळाशी असते, त्यामुळे गाडी सर्वांत आधी तेच ओढते. झाकणात साधी झडप असते, पेट्रोल संपेल तशी हवा आत घेणारी. ती तुंबली तरी गाडी अशीच बंद पडते, पण झाकण सैल केले की ‘फुस्स’ आवाज होऊन दोष सापडतो. असे झाकण दीडशे-दोनशे रुपयांना मिळते. दीडशे रुपये! त्या बनियनची किंमतसुद्धा त्याच्या आसपासच असेल!

आणि उस्ताद, तुम्हीही ऐका. पंपाच्या मागची नळी काढून ती वेगळ्या डब्यातल्या पेट्रोलमध्ये सोडली असती आणि गाडी पाथर्डी फाट्यापर्यंत पळवून आणली असती, तर दोष पंपाच्या पुढे आहे की मागे हे अर्ध्या तासात कळले असते. हे तुम्हाला ठाऊक नव्हते असे मी मानत नाही. तुम्ही माझ्या आधी तीस वर्षे गाड्या खोलता आहात. कंटाळा आला, गाडीखाली जायचे नव्हते आणि काका पैसे देत होते, एवढेच झाले. वर टाकी घेऊन आलो तेव्हा तुम्ही म्हणालात की तळाला जेथे भोक पडले आहे तेथे ‘एक टाका मारून देतो’, आणि वेल्डिंगची कांडी उचललीत. रिकामी टाकी! रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा भयंकर असते, कारण आत पेट्रोल नसले तरी त्याची वाफ हवेत मिसळून ठिणगीची वाट पाहत असते. अंबडला ज्या वेल्डरकडे मी गेलो त्याने टाकीचा नुसता वास घेतला आणि ‘हिला हात लावणार नाही, दुसरी टाकी बघा’ असे सांगून मला परत पाठवले. या सगळ्या प्रकरणात मला भेटलेला तो एकमेव शहाणा माणूस, आणि त्याने माझ्याकडून एक रुपयाही घेतला नाही. तुम्ही मात्र कापलेल्या कॅनमध्ये पेट्रोल ओतून जेट, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक भोकांच्या तोट्या, धुता आणि ओठांत विडी असते. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती खाली साचते, तुमच्या त्या खड्ड्यात साचते, जेथे तुम्ही त्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला उतरवता. त्याला आधी शाळेत पाठवा.

राहिलात तुम्ही, वाचणारे. तुमच्याही गाडीत पेट्रोलचा वास येतो आहे, मला ठाऊक आहे. बायको दोन महिने सांगते आहे आणि तुम्ही ‘जुन्या गाडीला एवढं चालायचंच’ म्हणून काच खाली करता. एवढं चालत नाही. टाकी मागे आहे आणि मुलेही मागेच बसतात. कसली हौस आणि कसला प्रोजेक्ट! नळ्या पेट्रोलसाठी बनवलेल्या घ्या, क्लिप खरी लावा, गंजून चाळण झालेली टाकी भंगारात द्या आणि दुसरी घ्या, तिच्यात आधी टॉर्च मारून डोकवा आणि मग बसवा. तेवढे पैसे नसतील तर गाडी दारात उभी ठेवा, कोणी हसणार नाही. आणि आत्ता वास येत असेल तर हे वाचत बसू नका. किल्ली काढा, मुलांना खाली उतरवा आणि वाकून टाकीखाली पाहा.