मुघल कोण होणार?

यंदा शिवजयंतीला साताऱ्यात आमच्या सासरच्या सोसायटीत पोरांचं नाटुकलं बसवायचं ठरलं होतं, अजिंक्यताऱ्याचा वेढा. कल्पना झकास, किल्ला गॅलरीतनं दिसतो, गोष्ट घरची. पण किल्ला लढवणारा किल्लेदार प्रयागजी प्रभू व्हायला सगळी पोरं तयार आणि मुघल व्हायला एकही नाही. मग ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या मुलाला करा ना, तो मुसलमानच आहे. त्या घरातनं पुढं ग्रुपवर एक शब्द आला नाही, पोरगं तालमीला यायचं बंद झालं आणि नाटक बारगळून डीजे लागला. हे सगळं धाकट्या भाऊजींनी मला फोनवर सांगितलं, आणि वर हेही की "वहिनी, तुमचं बरं आहे, तिकडं गोऱ्यांच्या लढाया खेळताय, हितं आपल्या लढाया खेळायला माणूस मिळंना."

टोमणा आहे, पण खोटा नाही. आम्ही खेळतो. इंग्लंडात ग्लॉस्टरशायरला राहतो, जवळच ट्यूक्सबरी म्हणून गाव आहे, तिथं ४ मे १४७१ ला मोठी लढाई झाली होती, एकाच राजघराण्याच्या दोन शाखांची भाऊबंदकी. यॉर्कवाला चौथा एडवर्ड जिंकला, लँकेस्टरवाल्यांचा सतरा वर्षांचा राजपुत्र मेला, चर्चमध्ये आसरा घेतलेल्या सरदारांना बाहेर काढून मारलं. दर जुलैत त्या गावात ही लढाई परत उभी करतात, धनुष्यं, तोफा, चिलखतं, तंबू सगळं, आणि बघायला येणाऱ्यांची ही गर्दी. लढणारे कोण तर प्लंबर, नर्स, शाळेतले मास्तर, आणि बहुतेकजण बायकापोरांसकट. लहान पोरांना हत्यार देऊन लढाईत सोडत नाहीत. पण जुलैच्या उन्हात जाड गादीसारखा अंगरखा आणि वर लोखंड घातलं की माणूस चक्कर येऊन पडतो, म्हणून लढाई चालू असताना पाणी पाजत फिरणारे लागतात. मी आणि माझी लेक ते काम करतो. नवरा भाला धरतो, धाकटा छावणीत चूल सांभाळतो म्हणजे काठीनं विस्तव उकरतो.

खरी मजा कपड्यात आहे. दिसणारी शिवण हातानंच घालायची, मशीनची टीप दिसली की जुनी मंडळी लगेच टोकतात. पायात घालायचं ते लोकरीचं, तंग, आणि कमरेला इलॅस्टिक नाही, वरच्या बंडीला भोकं पाडून नाड्यांनी बांधायचं. धाकट्याला शू लागली की घरातली सगळी माणसं नाड्या सोडायला, आणि तो नाचतोय! जेवणात जव, वाटाणे, कांदा, मटण. बटाटा नाही, टोमॅटो नाही, मिरची नाही, हे सगळं अमेरिकेतनं नंतर आलं. तेव्हा लेकीनं विचारलं की मग मावळ्यांच्या शिदोरीत काय होतं. मिरची पोर्तुगीजांबरोबर येऊन पोचली होती म्हटलं, पण शेंगदाण्याची चटणी कितपत असेल शंकाच आहे, शेंगपण मूळची दक्षिण अमेरिकेतलीच. हे मी फोनवर सासूबाईंना सांगितलं तर त्या दोन दिवस नीट बोलल्या नाहीत.

पण मुद्दा मुघलांचा. इथं एखाद्या वर्षी पांढऱ्या गुलाबाकडं, म्हणजे यॉर्ककडं, माणसं कमी पडली तर लाल गुलाबवाले लँकेस्टरचे लोक अंगावरचा डगला बदलून तिकडं जाऊन उभे राहतात. हरणाऱ्या बाजूनं लढायला रुसवेफुगवे नाहीत, उलट मरायला जास्त मजा येते म्हणतात. आणि असं दोन्हीकडनं उभं राहिलं की पोरांना प्रश्न पडतात. लेकीनं मला विचारलं, राजपुत्राच्या बाजूचे साधे सैनिक कुठल्या गावचे होते, त्यांना कुणी विचारलं होतं का लढायचंय का म्हणून. आपल्याकडच्या मिरवणुकीतनं कुठल्या पोराला असला प्रश्न पडलेला मी तरी ऐकला नाही.

आता लगेच कुणी म्हणेल की बघा, परदेशात गेली आणि शहाणपणा शिकवायला लागली. थांबा. इथल्यांना हे सोपं जातं कारण १४७१ चं भांडण मेलंय, त्याच्यावर आज मतं मिळत नाहीत. दोन्हीकडं आपलीच माणसं. हेच लोक १८४८ ला डलहौसीनं दत्तक वारस नाकारून सातारचं राज्य कसं घशात घातलं ते खेळून दाखवतील का? मला तरी कुठल्या मैदानावर कंपनी सरकारचा तो कारभार दिसला नाही, आणि आमच्या छावणीत सातारा म्हटलं तर कुणाला ओ की ठो माहीत नसतं. आपल्याकडं जखम ओली आहे, मोबाईलच्या स्टेटसवरनं गावं पेटलेली आपण बघितलीत. वाघनखांचंच घ्या, २०२४ ला लंडनच्या म्युझियममधनं साताऱ्याच्या संग्रहालयात आली, म्युझियमवाले स्वतः सांगतात की ही महाराजांनी वापरलेलीच याची खात्री देता येत नाही, तरी त्यावरनं किती शिव्यागाळी झाली.

तरीपण मला पटत नाही की आपल्याला दुसरी बाजू उभी करता येत नाही. माझं माहेर सांगली. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी तिथंच मराठी नाटक उभं केलं आणि त्या नाटकांत राक्षस अलल्डुर्र करत येणार म्हणून लोक वाट बघायचे. राक्षस झालेल्या नटाला घरी जाऊन कुणी राक्षस म्हणालं नाही. मग मुघल झालेल्या पोराला का चिकटावं? आणि मुघल म्हणजे मुसलमान हे गणित तर इतिहासातच चुकतं. पुरंदरला वेढा घालून बसलेला मिर्झाराजा जयसिंग कोण होता? विजापूरच्या अफझलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर ब्राह्मण, इकडं महाराजांच्या आरमारात दर्यासारंग मुसलमान. त्या दुसऱ्या मजल्यावरच्या पोरानं प्रयागजींच्या शेजारी उभं राहून किल्ला लढवला असता तरी कुठं बिघडलं असतं?

आणि वेढ्याची गोष्ट नाटकाला काय सुंदर आहे हो! १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः येऊन किल्ल्याखाली बसतो, महिने जातात, सुरुंग लावतात आणि उडाल्यावर तट मुघलांच्याच फौजेवर कोसळतो, शेवटी राजाराम महाराज गेल्यावर १७०० च्या एप्रिलात किल्ला द्यावा लागतो. म्हणजे सगळ्यात भारी सीन, ढिगाऱ्याखाली गाडलं जायचा, तो मुघलांना आहे. कुठल्याही दहा वर्षांच्या पोराला हे नीट सांगितलं तर तो स्वतःहून तिकडं पळेल.

भाऊजींना मी एवढंच सुचवलं की पुढच्या वर्षी चिठ्ठ्या टाका, प्रयागजी पण चिठ्ठीनंच, आणि दुसऱ्या दिवशी बाजू बदलून परत खेळा. चकाकत्या साटीनचे अंगरखे नकोत, मांजरपाट आणा आणि आयांबरोबर बाबांनाही सुई धरायला लावा. आणि आधी त्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन चहा पिऊन या, पोराला बोलवायचं काम ग्रुपवर होणार नाही. चहाला ते हो म्हणाले. चिठ्ठ्यांचं सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडतो म्हणाले, पण आमच्या पुतण्याला तोफ मिळणार असेल तरच.